एरेटरचा रिले लागला की पीएच सरकतो: तळ्यावरचे सेन्सर, ऑफिसातलं डेटा कार्ड आणि अर्थिंगचा घोळ

खाजणकाठ
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात खाडीलगत आमची कोळंबीची तळी आहेत, व्हॅनामी जातीची कोळंबी करतो. यंदा तळ्यांवर सेन्सर बसवून घेतले, पण आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाहीये. सगळं सविस्तर लिहिते, कुठे काय हवं ते विचारा.

बांधावर एक पॅनेल आहे. त्यात पीएचचं बोर्ड (पीएच ० ते १४ साठी ० ते ५ व्होल्ट), विरघळलेल्या ऑक्सिजनचा ट्रान्समीटर (तोही ० ते ५ व्होल्ट) आणि पाण्याच्या पातळीचा ४ ते २० मिलिअँपिअरचा ट्रान्समीटर. पातळीसाठी २५० ओहमचा रेझिस्टर पॅनेलमध्येच लावलाय, म्हणून वर १ ते ५ व्होल्ट येतात. एरेटरच्या (तळ्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राच्या) स्टार्टरला चालू-बंद करणारे २४ व्होल्टचे दोन छोटे रिलेही ह्याच पॅनेलात. तिथून दीडेकशे मीटर बारा कोअरची केबल, अर्धा स्क्वेअर एमएमची, वर सड्यावरच्या (जांभ्याच्या पठारावरच्या) ऑफिसात येते. ऑफिसात यूएसबीचं डेटा कार्ड: १६ सिंगल एंडेड (सगळ्या चॅनेल कार्डाच्या एकाच ग्राउंडशी मोजायच्या) किंवा ८ डिफरन्शियल (दोन-दोन तारांमधला फरक मोजायचा), ±१० व्होल्ट. २४ व्होल्टचा सप्लाय ऑफिसातच आहे. ज्याने काम केलं त्याने पॅनेलातल्या सगळ्या मायनस एका पट्टीवर घेतल्या आणि तिथून एकच तार वर आणली. कार्ड सिंगल एंडेडवर ठेवलंय. बारातल्या पाच-सहा कोअर रिकाम्याच आहेत.

आता त्रास. एरेटर बंद असताना पीएच ७.९ दाखवतो, हातातल्या मीटरशी जुळतो. दोन्ही एरेटर चालू केले की लगेच ८.५. बंद केले की परत ७.९. हातातला मीटर दोन्ही वेळेला ७.९ म्हणतो. शिवाय एरेटर चालू असताना आकडा थरथरतो तो वेगळाच. लॅपटॉपचा चार्जर काढला की थरथर बरीच कमी होते, पण ८.५ काही खाली येत नाही. ऑक्सिजनच्या ट्रान्समीटरची तार कार्डावरून काढून ठेवली, तरी ती चॅनेल शून्य दाखवत नाही, शेजारच्या चॅनेलसारखाच काहीतरी आकडा दाखवते.

काम करणारा म्हणतो पीएचचा प्रोब खराब, नवीन घ्या. मला ते पटत नाही, कारण त्याच प्रोबने बादलीत पाणी घेऊन बघितलं तेव्हा थरथर अजिबात नव्हती. पहाटेच्या आधी ऑक्सिजन सर्वात खाली जातो, त्या वेळेचा अलार्म खरा वाजायला हवा. खोट्या अलार्मला माणसं एकदा सरावली की खऱ्याला कोणी उठत नाही आणि एका रात्रीत तळं जातं.

झटपट_जोडणी
ताई, चार्जरची तिसरी पिन काढून टाका. आमच्याकडे असंच होतं, पिन तोडली आणि रीडिंग एकदम शांत. पाच मिनिटांचं काम.

जुना_ओहममीटर
नको. ताई, हे कृपा करून करू नका, आणि हा धागा वाचणाऱ्या कोणीही करू नका. ती पिन माणसासाठी आहे. तळ्यावर ओल्या पायांनी माणसं वावरतात, त्या केबलचं दुसरं टोक पाण्यात बुडालेलं आहे. आत काही फुटलं आणि फेज बॉडीला लागली तर अर्थिंग नसेल तिथे तो करंट माणसातूनच जमिनीत जाणार. लॅपटॉप काही वेळ बॅटरीवर चालवून बघणं ही उत्तम चाचणी आहे, ती जरूर करा. पण चाचणी आणि कायमची जोडणी ह्यात फरक आहे. दोन अर्थांमधून फिरणाऱ्या करंटचं वर्तुळ, म्हणजे लूप, तोडायचा तो सिग्नलच्या बाजूला, आयसोलेशन घालून, म्हणजे दोन बाजूंत तारेचा थेट संबंध न ठेवता. सुरक्षेचं अर्थिंग कधीच तोडायचं नाही.

शिवाय दोन पिनचा चार्जर लावला म्हणजे लॅपटॉप स्वच्छ तरंगतो असंही नाही. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे त्याची बॉडी मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर येते. करंट अगदी कमी असतो, हाताला झिणझिण लागते तीच ती. ते सगळं तुमच्या कार्डाच्या ग्राउंडवर येऊन बसतं.

आता मूळ प्रश्न. प्रोब फेकू नका. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून मला दोन वेगवेगळे दोष दिसतात, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे गोंधळ झालाय. एक स्थिर सरकणं, दुसरी थरथर. आधी सरकणं पकडू. दोन गोष्टी मोजून सांगा:

एरेटरच्या मोटरचा एमसीबी बंद ठेवा, पण ऑफिसातून रिले चालू करा. मोटर फिरणार नाही, फक्त रिले लागतील. पीएच सरकतो का?

आणि सगळा सप्लाय बंद करून केबलच्या दोन रिकाम्या कोअर पॅनेलच्या टोकाला एकमेकींना जोडा, ऑफिसच्या टोकाला त्यांच्यात किती ओहम येतात ते बघा.

खाजणकाठ
काका, आत्ताच केलं. मोटर बंद, फक्त रिले लागले तरी पीएच ८.५! म्हणजे मोटरचा काही संबंधच नाही? दोन कोअरमध्ये मिळून १०.४ ओहम आले. रिलेवर छापलंय त्यावरून एका कॉइलला साधारण २० मिलिअँपिअर लागतात.

जुना_ओहममीटर
मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे.

एका कोअरचा रोध ५.२ ओहम. दोन रिले मिळून ४० मिलिअँपिअर. हा करंट ऑफिसातल्या सप्लायच्या प्लसमधून निघतो, कॉइलमधून जातो आणि परत येतो त्या एकमेव मायनसच्या तारेतून. ५.२ गुणिले ०.०४० म्हणजे ०.२०८ व्होल्ट. रिले लागले की तळ्याकडची मायनस पट्टी ऑफिसच्या मायनसपेक्षा सुमारे २०८ मिलिव्होल्टने वर उचलली जाते. पीएचचं बोर्ड आपला सिग्नल देतं तळ्याकडच्या मायनसच्या तुलनेत. कार्ड मोजतं ऑफिसच्या मायनसच्या तुलनेत. मधले २०८ मिलिव्होल्ट फुकटचे मिसळले. तुमच्या बोर्डाला एका पीएचला ३५७ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.५८ पीएच. ७.९ चा ८.५ झाला तो असा.

एकाने अंगणात उभं राहून आणि दुसऱ्याने ओटीवर उभं राहून त्याच माडाची उंची मोजली तर आकडे जुळणार नाहीत, तसं हे आहे. माड तोच, पाया वेगळा.

सेन्सरचा स्वतःचा करंटही त्याच तारेतून येतो, पण तो कायम सारखा असल्यामुळे कॅलिब्रेशन करताना तेवढी चूक आपोआप जमा-वजा झाली. म्हणून एरेटर बंद असताना सगळं बरोबर वाटतं.

आणि अजून एक सांगतो, ग्राफ उघडून बघा. पातळीच्या ट्रान्समीटरचा ४ ते २० मिलिअँपिअरही त्याच मायनसमधून परत येतो. रिकाम्यापासून भरल्यापर्यंत १६ मिलिअँपिअरचा फरक, गुणिले ५.२, म्हणजे ८३ मिलिव्होल्ट. पाण्याची पातळी वाढली की तुमचा पीएच पाव युनिटपर्यंत खोटा वाढलेला दिसायला हवा.

खाजणकाठ
काका, अंगावर काटा आला वाचून. उधाणाला पाणी घेतो तेव्हा दर वेळी पीएच थोडा चढताना दिसायचा. आम्ही समजत होतो खाडीचं नवीन पाणी आल्यामुळे असेल. आता दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवले तर पीएचची रेघ पातळीच्या मागेमाग चालते. ह्यावरून चुना टाकायचा की नाही ते ठरवत होतो आम्ही.

सडेजांभा
फार छान धागा. मी वायरमन आहे, घरगुती आणि पंपाची कामं करतो. आम्हाला मायनस म्हणजे मायनस असंच शिकवलेलं असतं. ज्या तारेतून करंट वाहतो ती तार मापाचा पाया होऊ शकत नाही, हे आज नीट कळलं. एक शंका: जाड तार टाकली तर?

जुना_ओहममीटर
कमी होईल, जाणार नाही. अडीच स्क्वेअर टाकली तर रोध पाचपट कमी, म्हणजे ०.५८ च्या जागी ०.१२ पीएच. पण रिकाम्या कोअर असताना तांब्यावर पैसे कशाला? एक कोअर फक्त सप्लायच्या परतीच्या करंटसाठी ठेवा. दुसरी कोअर पीएच बोर्डाच्या मायनस टर्मिनलवरून थेट कार्डाच्या मायनस इनपुटला न्या, तिच्यात दुसरं काहीही जोडू नका. कार्ड डिफरन्शियलवर टाका. डिफरन्शियल इनपुट दोन तारांमधला फरक मोजतो, दोन्ही तारा मिळून किती वर-खाली झाल्या त्याकडे तो जवळपास बघतच नाही. इनपुटमधून करंट जवळजवळ वाहत नाही, त्यामुळे त्या मायनस कोअरचा ५.२ ओहम असो की ५० ओहम, काही फरक पडत नाही.

पातळीचा २५० ओहमचा रेझिस्टर पॅनेलमधून काढा आणि ऑफिसात कार्डाच्या टर्मिनलवर लावा. त्या लूपच्या परतीला वेगळी कोअर द्या. करंट संपूर्ण लूपमध्ये एकच असतो, दीडशे मीटर तारेने तो बदलत नाही. व्होल्टेज मात्र वाटेत गळतं. ४ ते २० मिलिअँपिअरची पद्धत ह्याचसाठी आहे, आणि रेझिस्टर तळ्याकाठी लावून तिचा फायदाच घालवलाय. ट्रान्समीटरला २४ मधून किमान किती व्होल्ट उरायला हवेत ते त्याच्या कागदावर बघा. २० मिलिअँपिअरला रेझिस्टर ५ व्होल्ट खाईल आणि दोन्ही कोअर मिळून ०.२ व्होल्ट.

८ डिफरन्शियल चॅनेल पुरत नसतील तर काही कार्डांवर तिसरा प्रकार असतो: सगळ्या चॅनेलसाठी एकच सामाईक मायनस, पण ती कार्डाच्या ग्राउंडला न बांधता ‘सेन्स’ नावाच्या वेगळ्या टर्मिनलवर. एकाच पॅनेलातले सगळे सेन्सर असतील तर तो चालतो. दोन तळ्यांच्या दोन पॅनेलच्या मायनस त्यावर एकत्र आणू नका.

ऑक्सिजनच्या काढून ठेवलेल्या चॅनेलची काळजी नको. कार्डात एकच एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) असतो आणि तो चॅनेल एकामागून एक बघत जातो. उघडी तार असली की आधीच्या चॅनेलचा चार्ज तसाच राहतो, म्हणून शेजाऱ्याचा आकडा दिसतो. न वापरलेल्या चॅनेल ग्राउंडला जोडून ठेवा.

शिकतोय_इलेक्ट्रॉनिक्स
काका, मी डिप्लोमाला आहे. प्रोजेक्टसाठी एडीएस१११५ ही एडीसी चिप वापरतोय, त्यातही डिफरन्शियल आहे. बॅटरीवरचा सेन्सर डिफरन्शियलला जोडला तर कधी बरोबर येतं, कधी आकडा हळूहळू चढत जाऊन टोकाला चिकटतो. दोन तारांत फरक तर काही मिलिव्होल्टचाच आहे.

जुना_ओहममीटर
तुझा सेन्सर हवेत तरंगतोय. त्याच्या दोन्ही तारांचा चिपच्या ग्राउंडशी काही संबंध नाही, आणि इनपुटमधून जो अगदी बारीक करंट झिरपतो त्याला परत जायला वाट नाही. म्हणून दोन्ही तारा मिळून सरकत सरकत मर्यादेबाहेर जातात. एडीएस१११५ च्या प्रत्येक इनपुट पिनवरचं व्होल्टेज ग्राउंडच्या ०.३ व्होल्ट खालपासून सप्लायच्या ०.३ व्होल्ट वरपर्यंतच असायला हवं. डिफरन्शियल घेतलं म्हणून ही अट सुटत नाही.

सेन्सर डीसी आणि कमी रोधाचा असेल तर त्याची मायनस सरळ ग्राउंडला जोड, सिग्नल उणे जाणार नसेल तर काम झालं. सिग्नल दोन्ही बाजूंना जाणारा असेल तर ग्राउंडऐवजी सप्लायच्या मधल्या व्होल्टेजला बांध. सोर्सचा रोध जास्त असेल तर दोन्ही तारांवरून सारख्या किमतीचे दोन रेझिस्टर दे, १० किलो ते १०० किलोओहममधले. सारखे कशासाठी, तर दोन्ही तारांवर बाहेरचा नॉइज सारखाच पडावा आणि वजाबाकीत जावा. पण हे रेझिस्टर सोर्सवर भारही टाकतात. सोर्स २ किलोओहमचा आणि दोन रेझिस्टर १०० किलोचे असतील तर रीडिंग साधारण एक टक्का कमी येईल. हिशोबात धर.

आणि उलट लक्षात ठेव: सोर्स आधीच कुठेतरी अर्थ झालेला असेल तर हे रेझिस्टर लावायची गरज नाही. म्हणून प्रत्येक सेन्सरच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच, ह्याची मायनस आधी कुठे बांधलेली आहे का? सगळा सप्लाय बंद करून मायनस आणि अर्थ ह्यांच्यात ओहम मोज. काही ओहम आले तर बांधलेली, मेगाओहम आले तर तरंगती. ह्यातला अर्धा वेळ लोक अंदाजाने जोडतात आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतात.

कर्लीकाठ
आमच्या हय पण तळ्यार असाच होता. पाऊस लागलो की थरथर आपोआप कमी जाता, मे म्हयन्यात परत सुरू. अर्थिंगचो खड्डो वर सड्यार आसा. ह्येचो काय संबंध आसात काय?

जुना_ओहममीटर
आहे, आणि तुम्ही अगदी नेमकी गोष्ट पकडलीत. ताईंच्या दुसऱ्या दोषाचं मूळ तिथेच आहे.

खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतली, माती खाऱ्या पाण्याने भिजलेली. तिथे अर्थिंगची सळई ठोकली की जमिनीशी संबंध छान लागतो. वर सड्यावर जांभा. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, तिथला खड्डा कोळसा-मीठ घालूनही पाणी नाही घातलं तर नावापुरता उरतो. पावसाळ्यात तोच जांभा पाणी पितो आणि रोध उतरतो. सड्यावरच्या वायरिंगमधून, फ्रीज-कॉम्प्युटरच्या फिल्टरमधून थोडा गळतीचा करंट त्या खड्ड्यात सतत जात असतोच. खड्ड्याचा रोध जास्त, तर तेवढ्या करंटनेही ऑफिसचं अर्थ खऱ्या जमिनीपेक्षा वर उचललं जातं. खाली तळ्याकडचं अर्थ जमिनीवर पक्कं. दोघांत व्होल्टेज उभं राहतं. एकाच इमारतीत नीट वायरिंग असलं तरी दोन अर्थ जागांत १ ते १०० मिलिव्होल्ट सहज सापडतात. दोन वेगळ्या खड्ड्यांत, दीडशे मीटर अंतरावर, व्होल्टमध्येही सापडू शकतात.

ताई, कार्डाकडे येणारी केबल काढून, एरेटर चालू ठेवून, तळ्याकडचं अर्थ आणि ऑफिसचं अर्थ ह्यांच्यात एसी व्होल्टेज मोजा. एका रिकाम्या कोअरने तळ्याचं अर्थ वर आणता येईल. आधी मीटर सर्वात वरच्या रेंजवर ठेवा, आणि हे करताना जोडीला तुमचा वायरमन असू द्या.

खाजणकाठ
मोजलं. एरेटर बंद असताना ०.४ व्होल्ट एसी, दोन्ही चालू असताना १.८. सप्लायच्या परतीला वेगळी कोअर दिली, पीएच डिफरन्शियल केला. सरकणं पूर्ण थांबलं! रिले लावले, काढले, पीएच ७.९ वरच. घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. थरथर मात्र अजून आहे, आधीपेक्षा कमी. डिफरन्शियल केल्यावर तीही जायला हवी होती ना?

जुना_ओहममीटर
अभिनंदन! आता थरथर. तुमची बादलीची चाचणी इथे कामाला येते.

पीएच प्रोबमध्ये दोन इलेक्ट्रोड असतात. त्यातला संदर्भ इलेक्ट्रोड पाण्याशी थेट विद्युत संबंधात असतो, नाहीतर मापच होणार नाही. खारं पाणी चांगलं वाहक, पाणी चिखलाला लागलेलं, चिखल तळ्याच्या अर्थला. तुमचं बोर्ड साध्या कन्व्हर्टरवर चालतं, त्यामुळे त्याची मायनस २४ व्होल्टच्या मायनसशी एकच, ती ऑफिसात कार्डाच्या ग्राउंडशी, ते लॅपटॉपच्या चार्जरमधून ऑफिसच्या अर्थला. वर्तुळ पूर्ण झालं. १.८ व्होल्ट त्या वर्तुळात बसलेत आणि त्यांचा करंट तुमच्या संदर्भ इलेक्ट्रोडमधून जातोय. बादली अर्थला लागत नाही, वर्तुळ तिथे तुटतं, थरथर जाते. चार्जर काढला की दुसऱ्या जागी तुटतं.

डिफरन्शियल इनपुट कार्डाच्या टोकाची चूक काढतो. १.८ व्होल्ट कॉमन मोड (दोन्ही तारांवर सारखंच) असेल आणि कार्ड ८० डेसिबल दाबत असेल तर दहा हजारपट कमी, म्हणजे ०.१८ मिलिव्होल्ट उरले. तुमच्या बोर्डाला ते काहीच नाहीत. पण इलेक्ट्रोडमधून वाहणारा करंट सिग्नल जन्माला येतो तिथेच बिघाड करतो. पीएच इलेक्ट्रोड २५ अंशाला एका पीएचला ५९.१६ मिलिव्होल्ट देतो, तिथे ६ मिलिव्होल्टची खोट आली तर ०.१ पीएच गेला. ती खोट बोर्डावर वाढून केबलमध्ये येते आणि कार्डाला ती खऱ्या सिग्नलसारखीच दिसते. शिवाय असा करंट वाहत राहिला तर संदर्भ इलेक्ट्रोडचं आयुष्यही कमी होतं.

म्हणून पीएचला आयसोलेशन हवंच. दोन वाटा आहेत. बोर्डाला आयसोलेटेड डीसी ते डीसी कन्व्हर्टर आणि सिग्नलला आयसोलेटर, दोन्ही हवेत, एक लावून उपयोग नाही. किंवा इनपुट-आउटपुट वेगळं असलेला पीएच ट्रान्समीटर घ्यायचा, ४ ते २० मिलिअँपिअरचा. मी दुसरी वाट घेईन. ऑक्सिजनचा प्रोबही पाण्यातच आहे, त्याच्या ट्रान्समीटरच्या कागदावर आयसोलेशन लिहिलंय का बघा. एकाच पाण्यात दोन बिनआयसोलेशनचे प्रोब असले तर ते एकमेकांनाही बिघडवतात.

तोपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये सरासरी घ्या, पण मनाला येईल तेवढ्या नमुन्यांची नको. आपली लाइन ५० हर्ट्झची, एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. सेकंदाला १००० नमुने घेऊन २०० ची सरासरी काढली की बरोबर १० आवर्तनं होतात आणि ५० हर्ट्झ जवळपास शून्य होतं. हा तात्पुरता आधार. इलेक्ट्रोडमधला करंट त्याने थांबत नाही.

दर्या_सोलर
मध्येच विचारतो. २४ व्होल्टच्या बॅटरी बँकेचा करंट मोजायला ५० अँपिअर ७५ मिलिव्होल्टचा शंट (करंट मोजायचा अगदी कमी रोधाचा रेझिस्टर) प्लसच्या बाजूला लावलाय. ±१० व्होल्टच्या कार्डाला डिफरन्शियल जोडलं तर कार्ड वेडावाकडा आकडा देतं. सिग्नल तर ७५ मिलिव्होल्टच्या आतच आहे.

जुना_ओहममीटर
फरक ७५ मिलिव्होल्टचा, पण दोन्ही तारा ग्राउंडपासून २४ व्होल्ट वर आहेत. कार्डाची मर्यादा प्रत्येक तारेला लागू आहे. लगेच काढा, इनपुट जळू शकतो. शंट मायनसच्या बाजूला घ्या किंवा तारेभोवती बसणारा हॉल सेन्सर वापरा. एक बघून घ्या: काही सोलर चार्ज कंट्रोलरमध्ये पॅनेल आणि बॅटरीची प्लस एक असते, मायनस वेगळ्या. तिथे पॅनेलची मायनस आणि बॅटरीची मायनस एकत्र बांधली तर कंट्रोलरच बाजूला पडतो.

आमरस_युनिट
काका, रत्नागिरीजवळ आमचं छोटं कॅनिंग युनिट आहे. वाफेच्या केटलला के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमानाचा सेन्सर), कार्डाला सिंगल एंडेड. केटलचा ढवळणारा मोटर ड्राइव्हवर (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर) आहे, तो चालू झाला की तापमान १०-२० अंश नाचतं. हंगामात हे परवडत नाही, रसाची प्रत तापमानावरच आहे. केबलची शील्ड (नॉइज अडवणारं धातूचं वेष्टण) दोन्ही टोकांना अर्थ केली आहे.

जुना_ओहममीटर
के टाइपला एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. म्हणजे एक मिलिव्होल्टची खोट आली की २४ अंश गेले. ताईंच्या पीएच बोर्डाला जे ०.१८ मिलिव्होल्ट काहीच नव्हते, तेच तुमच्याकडे चार-साडेचार अंश होतात. थर्मोकपलला अर्थिंगची चूक अजिबात चालत नाही.

थर्मोकपलच्या दोन तारा कार्डावरून काढा आणि एक तार व बाहेरची स्टीलची नळी ह्यांच्यात ओहम मोजा. काही ओहम आले तर टोक नळीला जोडलेलं आहे, नळी केटलला, केटल अर्थला. असा थर्मोकपल सिंगल एंडेडला जोडणं म्हणजे स्वतःच्या हाताने लूप बांधणं. डिफरन्शियलवर घ्या, डिप्लोमावाल्याला सांगितलेले ते दोन रेझिस्टर इथे नकोत, कारण सोर्स आधीच बांधलेला आहे. पुढच्या वेळी टोक वेगळं ठेवलेला थर्मोकपल मागवा. प्रतिसाद थोडा मंद असतो, केटलला चालतो. तो लावाल तेव्हा मात्र सोर्स तरंगता होईल, मग मायनस कार्डाच्या ग्राउंडला द्यावी लागेल.

शील्ड एकाच टोकाला. टोक केटलला बांधलेलं असेपर्यंत शील्डही केटलच्या बाजूलाच बांधा, कार्डाकडचं टोक कापून टेप लावून ठेवा. दोन्हीकडे बांधली तर तीच एक करंटची वाट होते. ड्राइव्हपासून मोटरपर्यंतची केबल थर्मोकपलच्या ट्रेमधून जात असेल तर तिला वेगळी वाट द्या. ड्राइव्हचा नॉइज किलोहर्ट्झमध्ये असतो, २० मिलिसेकंदांच्या सरासरीवर भिस्त ठेवू नका.

वाढवलेली तार तांब्याची नाही ना? के टाइपचीच एक्स्टेन्शन केबल हवी. रंगही तपासा. अमेरिकन पद्धतीत लाल ही मायनस असते, आपल्याकडे लाल दिसली की हात आपोआप प्लसला जातो.

सडेजांभा
ताई, तुमच्या ऑफिसचं अर्थिंग मी बघून देऊ शकतो, जवळच असतो. काका, दोन्ही खड्डे जाड पट्टीने जोडले तर?

जुना_ओहममीटर
सुरक्षेसाठी आणि विजेसाठी जोडणं चांगलंच, आयएस ३०४३ वाचून करा, त्यात अर्थिंगची सगळी पद्धत दिलेली आहे. दोघांमधलं व्होल्टेज त्याने उतरेल, पण शून्य होणार नाही, म्हणून पीएचचं आयसोलेशन तरीही लागेल. तळ्याच्या वितरण पॅनेलला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे ना तेही बघा, नसेल तर सेन्सरच्या आधी तो.

मे अखेरीची आणि ऑक्टोबरची वीज लक्षात घ्या. जवळपास वीज पडली की वरच्या आणि खालच्या अर्थमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो केबलमधून कार्डात शिरतो. साधा आयसोलेटर तेवढं झेलत नाही. केबलच्या दोन्ही टोकांना सिग्नलसाठीचे सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अर्थकडे वळवणारे) लावा आणि त्यांचं अर्थ तिथल्या तिथे, आखूड तारेने. पुढे तळी वाढवणार असाल तर सिग्नल बांधावरच मोजून आयसोलेटेड आरएस-४८५ ने (आकडे डिजिटल पाठवणाऱ्या जोडणीने) वर आणा. दीडशे मीटर अॅनालॉग ओढण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

खाजणकाठ
सडेजांभादादा, नक्की या, व्यक्तिगत निरोप करते. आरसीसीबी आहे, बटण दाबून आत्ता तपासला, पडतो. पीएचचा आयसोलेटेड ट्रान्समीटर मागवला. पातळीचा रेझिस्टर वर आणला, त्या लूपला स्वतःची परतीची कोअर दिली. आता पाणी घेताना पीएचची रेघ पातळीच्या मागे जात नाही. काका, पावसाळ्यात पॅनेलमध्ये दमट हवा शिरते, टर्मिनल हिरवे पडतात. त्याचा पीएचवर परिणाम होतो का?

जुना_ओहममीटर
होतो, आणि तो कपटी असतो, कारण आकडा थरथरत नाही, नुसता ७ कडे झुकत जातो. काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध शंभर मेगाओहमच्या घरात. त्याच्या बीएनसी कनेक्टरवर खारट ओल बसून १००० मेगाओहमची गळती झाली तरी सिग्नलचा नऊ टक्के भाग गेला. खरा ८.५ असेल तर ८.३६ दिसेल. प्रोब ते ट्रान्समीटर केबल शक्य तितकी आखूड ठेवा, ट्रान्समीटर वेगळ्या आयपी६५ (धूळ-पाणी आत न शिरणाऱ्या) डब्यात, ग्लँड खालच्या बाजूने, आत सिलिका जेल. कनेक्टर बोटांनी धरू नका, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून वाळवा. बाकीच्या टर्मिनलला कथिल चढवलेली तार आणि लग. हिरवी झालेली तार खरवडून परत लावू नका, मागे जाऊन कापा.

आमरस_युनिट
मोजलं काका. दोन थर्मोकपलचं टोक नळीला लागलेलं, तिसऱ्याचं मेगाओहममध्ये. तिन्ही डिफरन्शियलवर घेतले, शील्डची कार्डाकडची टोकं सोडली. पहिले दोन आता ड्राइव्ह चालू असतानाही एका अंशाच्या आत. तिसरा मात्र पूर्वी बरा होता तो आता वर वर चढत जातो.

जुना_ओहममीटर
तिसरा तरंगता आहे. त्याची मायनस कार्डाच्या ग्राउंडला एका तारेने जोडा, आणि फक्त त्याच्या शील्डचं टोक कार्डाच्या बाजूला बांधून केटलकडचं सोडा. पहिल्या दोघांना हात लावू नका.